आक्कांचं मोकळं वावर

संध्याकाळी उसाच्या कडेने जाताना आवाज करत जावं, असं आमच्या पट्ट्यात वनखात्याच्या बोर्डांवर लिहिलेलं असतं. बिबट्याला माणसाची चाहूल लागली की तो आपला बाजूला होतो म्हणे. जुन्नर-आंबेगावात हा सल्ला सगळे पाळतात. कुणी मोबाइलवर गाणी लावतं, कुणी काठी आपटतं, कुणी उगीचच खोकत चालतं. माझ्या घरमालकीणबाई शिव्या देत चालायच्या.

बिबट्याला नव्हे, गावाला. वावरातून घरी यायची पाणंद दुसऱ्यांच्या उसातून जायची. आक्का पाणंदीच्या तोंडाशी आल्या की पदर खोचायच्या आणि सुरू व्हायच्या. "ए मेंबरा! वाडीचं पाणी तुझ्या गोठ्यात किती दिस सोडणार हायेस रं? अन् सोसायटीच्या चेरमना, खताच्या गोणी कुठं उतरल्या, आँ? मला काय दिसत न्हाई व्हय?" त्यांचा आवाज असा खणखणीत की अर्ध्या वाडीत टीव्ही बारीक व्हायचे. त्या दिवशी गावात काय झालं हे लोकांना सातच्या बातम्यांच्या आधी कळायचं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घाबरून बाहेर आले होते. आक्का माझ्या अंगावरून घरात शिरत म्हणाल्या, "एका तोंडात दोन कामं हुत्यात, म्याडम. वाघ बी बाजूला हुतो अन् माणसाला बी कळतं." बिबट्याला तिकडे वाघच म्हणतात.

मी तेव्हा अवसरी खुर्दच्या पलीकडे, हायवेजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवत होते. कॉलेजाच्या बाजूच्या एका वाडीत आक्कांच्या घरामागची खोली मला भाड्याने मिळाली. वाडीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथली माणसं म्हणतील, एवढी गावं सोडून आमचंच का? त्यांचं तेवढं म्हणणं मला मान्य आहे. जे झालं ते त्या पट्ट्यात कुठेही झालं असतं.

आक्का उंच, हाडापेराने रुंद. मिश्रीने काळे पडलेले दात आणि पायात मेलेल्या नवऱ्याचे रबरी बूट. बूट दोन बोटं मोठे होते म्हणून त्यात त्या चिंध्या कोंबायच्या. मुलगा चाकणला कंपनीत. रविवारी मोटारसायकलवरून यायचा आणि दर रविवारी तेच सांगायचा, "आई, ऊस लाव. ऊस लावला की बघायला लागत नाही." आक्का म्हणायच्या, "म्हणूनच न्हाई लावायचा. बघायला लागत न्हाई ते पीक कसलं?" सगळ्या शिवारात ऊस नसलेलं त्यांचं एकट्यांचं वावर. त्यात बाजरी, कांदा, थोडी कोथिंबीर. ऊस डोक्यावर गेला की माणूस माणसाला दिसत नाही, हे त्यांना सहन व्हायचं नाही.

भाडेकरू म्हणून माझी कधी धडगत नव्हती. नळ ठिबकत राहिला तर त्या दार वाजवायच्या नाहीत, सरळ माझं नाव संध्याकाळच्या भाषणात यायचं. "अन् आमच्या म्याडम! पोरांला नद्या शिकवत्यात अन् हिकडं नळ वाहतोय!" दुसऱ्या दिवशी वर्गात पोरं हसायची. मी चिडून भांडायला गेले की समोर गुळाचा चहा यायचा आणि भांडण राहून जायचं. एकदा मी त्यांना खोडदला घेऊन गेले. तिथल्या त्या अवाढव्य दुर्बिणींच्या ताटल्या बघायला माणसं लांबून येतात. मी समजावून सांगितलं की या आभाळातून येणाऱ्या लहरी ऐकतात, आणि म्हणून आसपास मोबाइलच्या लहरींचा गोंगाट चालत नाही. आक्का बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आपल्या भागात गप बसून ऐकणारी ही एकच वस्तू दिसली मला."

आता मुद्द्यावर येते, कारण ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

दरवर्षी दिवाळी झाली की पारनेरच्या अंगाने एक धनगर कुटुंब यायचं. मेंढरं, सामान लादलेली घोडी, कुत्री, कोंबड्या, पाळण्यातली लेकरं, सगळा संसार पाठीवर. बाजरी निघून आक्कांचं वावर रिकामं झालेलं असायचं. त्या वावरात मेंढरं बसायची. मेंढरं बसवणं म्हणजे काय हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. संध्याकाळी वावरात जाळी लावून आत कळप मुक्कामाला ठेवायचा. लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं. वर्षाचं खत होतं. बदल्यात शेतकरी धान्य देतो, काहीजण पैसे देतात. आक्का बाजरी द्यायच्या, आणि ती पाखडून, निवडून द्यायच्या.

त्या कुटुंबातल्या म्हाताऱ्याला आक्का दादा म्हणायच्या. डोक्याला लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी, आवाज असा हळू की ऐकायला वाकावं लागे. आक्कांना भाऊ नव्हता. दादा ज्या दिवशी वावरात उतरायचे तो दिवस त्यांची भाऊबीज, मग पंचांग काही म्हणो. बांधावर पाट मांडायचा, ओवाळायचं. दादा पदरचं काहीतरी ताटात घालायचे, कधी लोकरीची दोरी, कधी नुसती सुपारी. गावभर तोंड चालवणारी ही बाई त्या म्हाताऱ्यापुढे खालच्या आवाजात बोलायची. दादांचं उत्तर बहुतेक एकच असायचं, "बरं हाय, आक्का." विहिरीवरून पाण्याची कळशी भरायची तरी ते विचारायला यायचे. आक्का वैतागायच्या, "किती वर्सं विचारणार हो, दादा?" दादा म्हणायचे, "दुसऱ्याचं गाव हाय. इचारून ऱ्हावं."

त्या वर्षी मेंढरं बसली आणि दुसऱ्याच दिवशी गावातल्या एका बड्या शेतकऱ्याच्या गोठ्यातून बिबट्याने वासरू नेलं. गोठा चहूबाजूंनी उसात. दाराला फळी नाही. पण सकाळी पारावर एकच बोलणं, मेंढरांच्या वासाने बिबट्या गावात आला. दुपारपर्यंत ते सगळ्यांच्या मोबाइलवर होतं. दुपार कलताच देवळाच्या सभामंडपात ग्रामसभा बोलावली. मी आक्कांबरोबर गेले.

सरपंच तरुण होता, शिकलेला, स्वच्छ पांढऱ्या कपड्यांतला. म्हणाला, "कुणाच्या विरोधात काही नाही. पण गावाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. मेंढपाळांनी आपल्या शिवारात मुक्काम करू नये, असा ठराव मांडतो."

आक्का उठल्या. "वाघ मेंढरामागनं आला व्हय रं? मेंढरं आज हायेत, उद्या न्हाईत. तुझा ऊस बारा महिने हुबा हाय. त्यात वाघीण व्याली, पिलं मोठी झाली, तवा कुठं व्हती मेंढरं?"

"आक्का, भावनेच्या भरात बोलू नका."

"बरं, भावना ऱ्हाऊ दे. धनगराची कुत्री अन् जागी माणसं वावरात हायेत म्हणून तर हिकडच्या अंगाला वाघ फिरकत न्हाई. इचार की कुणालाबी."

मागून कुणीतरी म्हणालं, "आक्काला फुकट खत पायजे, दुसरं काय न्हाई." सभा हसली.

मग सरपंचाने विचारलं, मंजूर असणाऱ्यांनी हात वर करा. हात वर झाले. पटापट झाले. ज्यांच्या बापजाद्यांची जमीन याच मेंढरांनी पोसली त्यांचे झाले. मागच्याच यात्रेत ज्यांनी धनगरी ढोलाचं पथक बोलावून, म्हाताऱ्या ढोलकऱ्याच्या गळ्यात हार घालून, खांद्यावर हात टाकून फोटो काढले आणि खाली 'आपली संस्कृती, आपला अभिमान' लिहिलं, त्यांचे तर सगळ्यात आधी. संस्कृती ढोल वाजवून परत जाते तोवर अभिमान. ती वावरात मुक्कामाला उतरली की सुरक्षेचा प्रश्न! आक्का खांबाला टेकून एकेका चेहऱ्याकडे नीट बघत राहिल्या. कुणी नजर दिली, कुणी मोबाइल काढला.

ठराव झाला म्हणजे आजच उठायचं, असा निरोप दोन पोरं मोटारसायकलवरून वावरात देऊन आली. आम्ही पोहोचलो तोवर दादांच्या सुनेने चूल विझवली होती. अर्धवट भाजलेली भाकरी फडक्यात बांधत होती. दिवस मावळतीला आलेला. आक्का दादांपुढे आडव्या उभ्या राहिल्या. "माझं वावर हाय! माझ्या वावरातनं कोण उठवतो तुमाला बघते मी. दादा, सोडा ती गाठ."

दादा घोडीवर सामान बांधत होते. त्यांनी गाठ सोडली नाही. "गावाचा शब्द हाय, आक्का. तो मोडून ऱ्हायलो तर फुडल्या गावात कोण बसू देईल?"

"सकाळपातुर तरी थांबा."

"आज उठायला सांगितलंय."

ते उठले. अंधार पडायच्या आत फार लांब जाणं शक्यच नव्हतं. कालव्याच्या कडेला, दोन्ही बाजूंनी ऊस असलेल्या पट्टीत त्यांनी कसाबसा तळ टाकला. ज्या जागेवर शहाणा माणूस दिवसाही थांबत नाही तिथे गावाने आपल्या सुरक्षेसाठी बायका-लेकरं नेऊन बसवली. पहाटे बिबट्याने त्यांचं शिंगरू नेलं. घोडीला बांधलेलं होतं, तान्हं होतं, मेंढरं उतरली त्याच रात्री आक्कांच्या वावरात जन्मलेलं. सुनेची बाज तिथून हाताच्या अंतरावर, कुशीत लेकरू. लेकरू वाचलं हे नशीब. गावाच्या शहाणपणाचा त्यात काही वाटा नाही.

सकाळी वाडीतली माणसं कालव्यावर बघायला गेली. शूटिंगही केलं. सरपंचाने दोन शब्द हळहळीचे काढले आणि वर म्हणाला, "बघा, मी म्हणत होतो ना? मेंढरांमागे बिबट्या येतोच." मी तिथे उभी होते. इतका राग मला आयुष्यात फार थोड्या वेळा आला आहे. धनगर घोडी लादून निघाले तेव्हा शिंगराची आई सारखी मान वळवून उसाकडे बघत होती. दादांनी जाताना आक्कांना हात जोडले. "बरं हाय, आक्का," म्हणाले.

त्यानंतर आक्कांनी त्या वावरात काही लावलं नाही.

नांगरून घेतलं, ढेकळं फोडली, बांध साफ केले आणि ठेवलं तसंच. ओलिताखालची जमीन. लोकांना वाटलं बाई वेडी झाली. रविवारी मुलगा आला आणि चांगला तासभर ओरडला. आक्का म्हणाल्या, "दादा येईस्तोवर हे वावर त्यांचं. तू तुझ्या कंपनीत बघ."

आणि मग गंमत झाली. गंमत म्हणायची तर. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ऊस पुन्हा डोक्यावर गेला. पाणंदीत दोनदा बिबट्या दिसला. बसथांब्यावरून वाडीत पायी यायला पाणंद सोडून दुसरी जवळची वाट नव्हती. एकच होती, आक्कांच्या मोकळ्या वावरातून. तिथे सगळं उघडं. बांधावर मांजर असलं तरी दिसावं. लोक गुपचूप त्यातून येऊ-जाऊ लागले. वाट पडली.

आक्कांनी बांधावर बाज टाकली आणि दिवस कलला की त्या तिथे बसू लागल्या. पहिल्या दिवशी सोसायटीचा चेअरमन आला. आक्का म्हणाल्या, "जा की. पर हात वर करून जा."

"काय?"

"त्या दिशी केला व्हता तसा. मंजूर म्हणून. तस्साच करायचा अन् ह्या बांधापातुर जायचं."

तो तणतणत पाणंदीने गेला. दुसऱ्या दिवशी परत आला, आणि हात वर केला. डोकं खाजवल्यासारखा. "तेवढा न्हाई," आक्का ओरडल्या, "देवळात तुझी बगल दिसत व्हती मला!" त्याने हात वर ताणला आणि वावर ओलांडलं.

मग रोजच ते सुरू झालं. कामावरून येणारी, दूध घालून येणारी, मोठमोठ्या पदांवरची माणसं एक हात आभाळाकडे करून रांगेने ढेकळांतून चालायची. ज्यांनी त्या दिवशी हात वर केला नव्हता त्यांना मोकळी वाट होती. आक्कांना सगळे चेहरे पाठ. बायकांपैकी ज्यांनी नवऱ्याने डोळे वटारले म्हणून हात वर केला होता त्यांना माफी. आणि बरोबर लेकरू असेल तर कुणीही हात वर करायचा नाही, कारण "बापाचा हात पोरांनी कशाला बघायचा?" हे कळल्यावर दोघा-तिघांनी शेजारची पोरं उसनी घ्यायला सुरुवात केली. एक मेंबर तर दुसऱ्याचं शेंबडं पोर कडेवर घेऊन ऐटीत निघाला. आक्कांनी पोराला गूळ दिला, खाली उतरवून घेतलं आणि मेंबराला म्हणाल्या, "आता जा."

त्यातून लोक सुधारले असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. कुणी सुधारलं नाही. आक्कांच्या समोर हात वर करायचा आणि बांध ओलांडला की हसायचं, असं चालायचं. ठराव कुणी मागे घेतला नाही. आक्कांनी दर ग्रामसभेत विषय काढला आणि दर वेळी तो पुढच्या सभेवर ढकलला गेला. सरपंच गाडी घेऊन लांबच्या रस्त्याने फिरून यायचा. पाय चिखलात घालायचा नाही आणि हात वर करायचा नाही, एवढी अक्कल त्याला होती.

आणि दादा येत नव्हते. दिवाळी झाली की आक्का पाट धुऊन ठेवायच्या. मी एकदा म्हटलं, "आक्का, तुम्हाला वाटतं ते येतील?" त्या माझ्यावरच उखडल्या, "न्हाई आले तर मी काय करू, ऊस लावू?"

पुढच्या दिवाळीनंतर दादा आले. एकटेच, एसटीने. मी आक्कांबरोबर बाजेवर बसले होते. दिवस मावळत होता. लांबून थांब्याकडून माणसं येत होती, नेहमीसारखी, हात वर केलेली. त्यांच्या मागे लाल पागोटं दिसलं. आक्का उठून उभ्या राहिल्या.

वावराच्या कडेला दादा थांबले. पुढची माणसं हात वर करून चालली आहेत हे त्यांनी पाहिलं आणि शेवटच्या गड्याला काहीतरी विचारलं. तो काय म्हणाला ते वाऱ्यावर आम्हाला नीट ऐकू आलं. "हिथनं जायचं तर हात वर करावा लागतो, पावणं. गावाचा नियम हाय."

दादांनी मान डोलावली. खांद्यावरची नवी घोंगडी डाव्या काखेत धरली. मग त्यांनी उजवा हात वर केला, सरळ, अगदी नीट, आणि वावरात पाऊल टाकलं.

आक्का धावल्या. ते मोठे रबरी बूट ढेकळांत अडकत होते. एक निघाला तो तिथेच राहिला. "खाली! दादा, खाली करा! तुमी न्हाई! तुमचा हात न्हाई त्यो!"

दादा गोंधळून उभे राहिले. हात वरच. "नियम हाय म्हणं, आक्का."

आक्कांनी त्यांचा हात दोन्ही हातांनी धरला आणि खाली ओढला. धरूनच ठेवला. बांधावर थांबलेली माणसं हसली. मोठ्याने हसली. जन्मभर दुसऱ्यांच्या गावात विचारून राहिलेला माणूस आणखी एका गावाचा नियम पाळायला हात वर करतो, आणि ज्यांनी त्याला उठवलं ते हसतात! त्या हसण्यात काय विनोद होता हे मला आजही कुणी समजावून सांगावं.

दादा सांगायला आले होते की आता त्यांची वाट दुसरीकडून जाते, या अंगाला मेंढरं येणार नाहीत. सून भिते. भाऊबीज राहिली होती म्हणून घोंगडी घेऊन आलो, म्हणाले. आक्कांनी ती हातात घेतली, बरं हाय, म्हणाल्या, आणि घराकडे चालू लागल्या.

वावर संपलं. पुढे थोडी पाणंद होती, दोन्हीकडे ऊस. पुढे आक्का, मध्ये दादा, मागे मी, आक्कांचा राहिलेला बूट हातात धरून. अंधारून आलं होतं. आक्कांनी पदर खोचला नाही. तोंड उघडलं नाही. त्या पाणंदीतून त्यांना गप्प जाताना मी पहिल्यांदाच बघत होते. वाडीत टीव्ही बारीक झाले असणार आणि ऐकू काहीच येत नसणार.

डाव्या हाताला ऊस सळसळला. दादा थबकले. कुणीतरी आवाज करायला हवा होता.

मी घसा साफ केला आणि सरपंचापासून सुरुवात केली.